बरोक ऑरेटोरिओ आणि आंतरराष्ट्रीय वृंदगान : गोवा-महाराष्ट्राच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाची मांडणी

सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपात आकाराला आलेला ऑरेटोरिओ हा संगीतप्रकार आज अनेक आंतरराष्ट्रीय वृंदगान-प्रकल्पांच्या केंद्रस्थानी आहे. निरनिराळ्या देशांतील गायक काही दिवसांसाठी एकत्र येतात, एका संचालकाच्या हाताखाली एकच मोठी कृती बसवतात आणि दोन-तीन शहरांत तिचे प्रयोग करून आपापल्या देशी परततात, अशी या प्रकल्पांची सर्वसाधारण रीत आहे. असा प्रकल्प भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर किंवा महाराष्ट्राच्या अंतर्भागात उभा राहिला तर त्याला येथील भूमीत कोणता आधार सापडेल, कोणत्या अडचणी येतील आणि प्रयोग संपल्यावर मागे काय उरेल, या प्रश्नांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे संगीत येथे सर्वस्वी नवे आणि परके आहे, असे गृहीत धरून या विषयाची चर्चा बहुधा होते. परंतु गोव्याचा इतिहास आणि मराठीतील कथागायनाची परंपरा यांचा विचार केला असता ते गृहीतक टिकत नाही. या भूमीत गायकांची उणीव क्वचितच भासली आहे; खंड पडला तो गायक घडवणाऱ्या संस्थांच्या परंपरेत, आणि म्हणून कोणत्याही प्रकल्पाचे मोल तो खंड भरून काढण्याला त्याने किती हातभार लावला यावरच ठरवावे लागते.

संगीतप्रकाराचे स्वरूप

ऑरेटोरिओ म्हणजे धार्मिक किंवा नैतिक आशयाची कथा एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्याद्वारे, बहुधा वेशभूषा, नेपथ्य आणि अभिनय यांवाचून, केवळ संगीतातून सादर करणारी दीर्घ रचना होय. हे नाव रोममधील प्रार्थनागृहावरून आले आहे. फिलिप नेरी यांच्याभोवती जमलेल्या भक्तमंडळींच्या सभांत प्रवचनाच्या जोडीने भक्तिगीते गायली जात, आणि या मंडळीला 1575 मध्ये पोपची मान्यता मिळाली. 1600 साली रोममध्ये एमिलिओ दे काव्हालिएरी यांची आत्मा आणि देह यांच्या संवादावरील संगीतकृती सादर झाली. पुढे जाकोमो कारिस्सिमी (1605–1674) यांनी लॅटिन ऑरेटोरिओला पक्के रूप दिले आणि सुमारे 1648 च्या त्यांच्या ‘जेफ्ते’ या रचनेत निवेदक, पात्रे आणि वृंद यांची वाटणी स्पष्टपणे उमटली. जर्मन भाषेत बाख यांनी 1724 आणि 1727 मध्ये ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेल्या दोन ‘पॅशन’ या प्रकाराच्या निकटच्या आप्त ठरतात, तर इंग्रजीत हॅन्डेल यांनी त्याला नाट्यगृहात आणून व्यापक श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यांचा ‘मसाया’ 22 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर 1741 या काळात लिहिला गेला आणि 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये प्रथम सादर झाला.

या प्रकाराची बांधणी तीन घटकांवर उभी असते. पहिला घटक रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलण्याच्या लयीत गायलेले निवेदन, ज्यातून कथा पुढे सरकते. दुसरा एरिया, म्हणजे एकल गायकाचे विस्तृत गीत, ज्यात कथा थांबते आणि एखाद्या भावाचे चिंतन होते. तिसरा कोरस, म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार आवाजांच्या वृंदाने गायलेला भाग, ज्यात समुदाय कधी कथेतील जमाव म्हणून, तर कधी ऐकणाऱ्या भाविकांच्या वतीने बोलतो. या सर्वांखाली बासो कंटिन्यूओ अखंड चालू असतो. त्यात चेलोसारखे मंद्र वाद्य खालचा स्वर धरते आणि हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा कलावंत त्या स्वरावर लिहिलेल्या आकड्यांच्या आधारे स्वरसंगती स्वतः रचत जातो. लिखित संगीतात उत्स्फूर्ततेला राखून ठेवलेली ही जागा भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

गोव्यातील पूर्वपरंपरा

पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात 1545 पासून चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा सुरू झाल्या, ज्यांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी, गायन आणि पुढे व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. शाळेचा शिक्षक हाच बहुधा चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख असे. त्याला कोकणीत ‘मेस्त’ म्हणतात. या शिक्षणाची फळे किती लवकर दिसू लागली याची साक्ष कार्मेलाइट धर्मगुरू जुझेप्पे दी सांता मारिया (सेबास्तियानी) यांच्या 1663 मधील पत्रात मिळते. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमधील उत्सवात त्यांनी सात गायकवृंदांचे संगीत वाद्यांच्या साथीने ऐकले. ही रचना प्रसिद्ध कारिस्सिमींची असल्याचे त्यांना सांगण्यात आले, आणि स्थानिक गायकांची सफाई पाहून आपण रोममध्येच आहोत असे त्यांना वाटले.

या नोंदीचे महत्त्व दुहेरी आहे. कारिस्सिमी रोममधील जेझुइटांच्या कोलेजिओ जर्मानिको या संस्थेत 1629 पासून संगीतप्रमुख होते, म्हणजे त्यांच्या रचना गोव्यात पोचण्याचा मार्ग जेझुइट संघाच्या जाळ्यातूनच जात असावा. शिवाय त्या वेळी ते हयात होते, म्हणून गोव्यातील श्रोत्यांनी ऐकलेले ते संगीत त्यांच्या दृष्टीने समकालीन होते. ऐकलेली रचना ऑरेटोरिओच होती असे या पत्रावरून म्हणता येत नाही. तरीही ऑरेटोरिओचा प्रमुख शिल्पकार ज्याला मानतात त्याचे अनेक वृंदांसाठीचे संगीत गोमंतकीय गायक त्याच्या हयातीतच समर्थपणे गात होते, एवढे त्यावरून दिसते.

ही परंपरा पुढे क्षीण झाली, त्याची कारणे संस्थात्मक आहेत. जुने गोवे साथींमुळे ओस पडत गेले. 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि 1835 पर्यंत इतर धर्मसंघही बरखास्त झाले, त्यामुळे रोमशी असलेला संगीताचा थेट दुवा तुटला. गावोगावच्या पॅरिश शाळा मात्र टिकल्या आणि त्यांनी परंपरेचा एक धागा जपला. उपवासकाळात गायले जाणारे लॅटिन मोटेट, म्हणजे धर्मवचनांवरील लहान बहुस्वरी रचना, गोमंतकीय मेस्तांनी स्वतः रचले आणि ते हस्तलिखितांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. याच शाळांतून स्वरलिपी वाचणारे वादक तयार झाले, जे विसाव्या शतकात मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत मोठ्या संख्येने दिसतात.

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाच्या चिकितोस प्रदेशाशी तुलना केली म्हणजे गोव्याच्या हानीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. तेथेही जेझुइटांनी स्थानिक लोकांना बरोक संगीत शिकवले आणि तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले; परंतु हजारो पानांची संगीत-हस्तलिखिते तेथील चर्चमध्ये सुरक्षित राहिली. 1996 पासून त्या हस्तलिखितांच्या आधारे आंतरराष्ट्रीय बरोक महोत्सव भरतो, ज्यात परदेशी वृंद आणि स्थानिक तरुणांचे वृंद एकाच व्यासपीठावर गातात, आणि उरुबिचासारख्या लहान गावात मुलांचे गायनवादन-विद्यालयही उभे राहिले आहे. सतराव्या शतकातील गोव्यात सादर झालेल्या बहुवृंदी संगीताच्या पोथ्या मात्र अशा प्रकारे उरल्या नाहीत; म्हणून येथील पुनरुज्जीवनाला लिखित वारशापेक्षा जिवंत गायनाच्या सवयीवर अधिक अवलंबून राहावे लागते.

मराठी कथागायनाचा आधार

बायबलमधील कथा मराठीत गाऊन सांगण्याची परंपराही जुनी आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1575 मध्ये, म्हणजे नेरींच्या मंडळीला मान्यता मिळाली त्याच वर्षी, रोममध्ये संघात दाखल झाले आणि 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ जुना करार आणि नवा करार यांची कथा दोन पुराणांत मांडतो. त्याचा घाट मराठी पुराणकथनाचा आहे आणि भाविकांपुढे मोठ्याने म्हटला जावा अशीच त्याची रचना आहे.

एकोणिसाव्या शतकात ही धारा कीर्तनाला येऊन मिळाली. अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजात ख्रिस्ती कीर्तन रूढ झाले आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी भजन, अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजानेही 1880 च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली. योसेफाच्या कथेवर हॅन्डेल यांचा ऑरेटोरिओ 1744 मध्ये लंडनमध्ये सादर झाला होता आणि इस्राएली लोकांच्या मिसरमधून झालेल्या सुटकेवरचा 1739 मध्ये. त्याच कथा मुंबईत मराठीत टाळ-पेटीच्या साथीने गायल्या जात होत्या, आणि इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल कुटुंबांबरोबर ही आठवण पुढे परदेशीही गेली.

कीर्तन आणि ऑरेटोरिओ यांच्या रचनेतील साम्य वरवरचे नाही. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात गद्य निवेदनाने आख्यान पुढे सरकते, भावोत्कट स्थळी पद येऊन कथा थांबते आणि ध्रुपदात किंवा नामगजरात श्रोतेही सामील होतात. निवेदन, चिंतन आणि समुदायाचा सहभाग ही त्रिविध विभागणी रेसिटेटिव्ह, एरिया आणि कोरस यांच्या विभागणीशी थेट जुळते. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे : कीर्तनात समुदाय एका चालीत गातो, तर ऑरेटोरिओचा वृंद एकाच वेळी चार किंवा अधिक स्वतंत्र चाली परस्परांशी गुंफतो. म्हणून मराठी श्रोत्याला या प्रकाराचा आशय आणि घाट समजावणे तुलनेने सोपे आहे, तर गायकाची खरी तयारी बहुस्वरी श्रवणात करावी लागते.

मुंबई आणि आजचा गोवा

मुंबईत पाश्चात्त्य अभिजात संगीताची संस्थात्मक उभारणी विसाव्या शतकात झाली. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. वृंदगानाच्या क्षेत्रात व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये उभा केलेला गायकवृंद महत्त्वाचा ठरला, ज्याची धुरा त्यांच्या मृत्यूनंतर 1967 पासून कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ वाहिली. युरोपीय रचनांबरोबर भारतीय गीतांच्या बहुस्वरी मांडणीही या वृंदाने परदेश-दौऱ्यांत सादर केल्या, हे त्याचे वैशिष्ट्य होय. 2006 मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र अर्थात एनसीपीएमध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांच्या पुढाकाराने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यात परदेशी वादकांचा मोठा भरणा असल्यामुळे स्थानिक वादक घडवणारी प्रशिक्षणशाळा जोडीला काढणे आवश्यक ठरले, आणि हा अनुभव प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतो.

गोव्यात संगीत-संयोजक व शिक्षक अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाने गोवा विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचे अतिथी-संशोधन अध्यासन निर्माण झाले. अर्जेंटिनाचे संचालक सांतियागो लुसार्दी जिरेली या अध्यासनावर आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यापीठाचा गायकवृंद उभा राहिला, ज्यात विद्यार्थ्यांबरोबर विद्यापीठाबाहेरील हौशी गायकांनाही प्रवेश होता. जुन्या गोव्यातील माँत टेकडीवरील कपेलात भरणारा माँत संगीत महोत्सव आणि 2016 पासूनचा केतेवान पवित्र संगीत महोत्सव यांमुळे जुन्या वास्तूंत पुन्हा बहुस्वरी गायन ऐकू येऊ लागले. परदेशी संचालक दीर्घकाळ मुक्काम करून स्थानिक वृंद घडवतो आणि मग पाहुणे कलावंत त्या वृंदात मिसळतात, हा गोव्यातील क्रम अल्पकालीन प्रकल्पांपेक्षा अधिक फलदायी आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

प्रयोगाच्या पद्धतीविषयीचे वाद

बरोक ऑरेटोरिओ किती गायकांनी गावा, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये 1754 साली झालेल्या ‘मसाया’च्या हिशेबांवरून सुमारे अडतीस वादक आणि वीसच्या आसपास वृंदगायक होते असे दिसते, 1784 मधील वेस्टमिन्स्टर ॲबीतील हॅन्डेल-स्मृतिसोहळ्यात कलावंतांची संख्या पाचशेच्या वर गेली आणि 1857 पासून क्रिस्टल पॅलेसमधील महोत्सवांत ती हजारांत मोजली जाऊ लागली. बर्लिनमध्ये 1829 साली मेंडेल्सन यांनी बाख यांची ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा प्रकाशात आणली, तीही दीडशेहून अधिक गायकांच्या वृंदासह. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ काळातील वाद्ये, पद्धती आणि संख्या यांचा अभ्यास करून प्रयोग करण्याची चळवळ बळावली आणि जोशुआ रिफकिन यांनी 1981 पासून तर बाख यांच्या वृंदात प्रत्येक आवाजाला एकेकच गायक असल्याचा पक्ष मांडला. आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मात्र शिकण्याची संधी अधिकाधिक गायकांना मिळावी हा हेतूही असतो. म्हणून तीस ते चाळीस गायकांचा, वेगवान भागांत लवचीक राहणारा वृंद हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो.

दुसरा वाद स्वराच्या उंचीचा आणि मेळाचा आहे. आज बरोक प्रयोगांत मध्य-सप्तकातील ‘ए’ हा स्वर 440 ऐवजी बहुधा 415 कंपनांवर धरतात, म्हणजे सारे संगीत सुमारे अर्ध्या स्वराने खाली येते. मेळाच्या बाबतीत सतराव्या शतकातील मीनटोन पद्धतीत तीव्र तृतीय, म्हणजे शुद्ध गंधार, आजच्या पियानोपेक्षा किंचित उतरलेला आणि नैसर्गिक असतो. तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारावर कान घडलेल्या गायकाला हा मेळ सहज पटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 च्या सुमारास श्रुतींचे गणित मांडून आणि ब्रिटिश अधिकारी व संगीत-अभ्यासक क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार करून समान विभागणीच्या पेटीतील दोष दाखवले होते. त्यांचे ते विवेचन बरोक मेळाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडावे असे आहे. येथे भारतीय गायक केवळ शिकणारा न राहता शिकवू शकतो.

उच्चाराच्या बाबतीतही मराठी भाषकाची काही बलस्थाने आहेत. जर्मनमधील ‘झेड’ या अक्षराचा उच्चार मराठी ‘चांदणे’ या शब्दातील दंत्य ‘च’सारखा होतो, जो हिंदी किंवा इंग्रजी भाषकाला शब्दारंभी साधणे अवघड जाते; उलट इंग्रजी ‘टी’ मूर्धन्य ‘ट’कडे झुकण्याची सवय मराठी भाषकाला प्रयत्नपूर्वक सोडावी लागते आणि जर्मनमधील ओठ गोल करून उच्चारलेला ‘ई’ नव्याने शिकावा लागतो. संहिता देवनागरीत लिहून घेताना हे भेद खुणांनी दाखवणे आणि श्रोत्यांच्या हाती मराठी अनुवाद देणे, या दोन गोष्टी कोणत्याही प्रकल्पाने अनिवार्य मानाव्यात.

वाद्यांच्या अडचणी अधिक कठीण आहेत. आतड्याच्या तारा दमट हवेत सुरात राहत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर असे प्रयोग हिवाळ्याच्या हंगामातच सोयीचे पडतात. हार्प्सिकॉर्ड दुर्मीळ असल्याने अनेकदा विजेच्या कळफलकावर काम भागवावे लागते, आणि आकड्यांवरून साथ रचणारा वादक तर त्याहून दुर्मीळ असतो. म्हणून प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पाहुण्या एकल गायकांच्या मानधनाआधी कंटिन्यूओ-वादकाच्या प्रशिक्षणाला स्थान असायला हवे.

आशियातील एक उदाहरण

जपानमध्ये मासाआकी सुझुकी यांनी 1990 मध्ये बाख कोलेगियम जपान हा वृंद स्थापन केला आणि 1995 ते 2013 या काळात बाख यांच्या सर्व धार्मिक कँटाटांचे, म्हणजे गायक आणि वाद्यवृंद यांसाठीच्या लहान रचनांचे, ध्वनिमुद्रण पूर्ण केले. ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प असलेल्या देशातील वृंद या संगीतात जागतिक मान्यता मिळवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. युरोपीय एकल गायक त्यात सतत सहभागी होत राहिले, पण वृंदाचे घर आणि सराव जपानमध्येच राहिला. 1989 मध्ये सुरू झालेला वर्ल्ड यूथ क्वायर आणि हेल्मुट रिलिंग यांनी 1981 मध्ये श्टुटगार्टला स्थापलेली आंतरराष्ट्रीय बाख अकादमी यांनी तरुण गायकांना एकत्र आणण्याचे मोठे काम केले आहे. तथापि अशा मेळाव्यातून परतलेल्या गायकाला मायदेशी स्थिर वृंद नसेल तर मिळवलेले कौशल्य लवकरच विरून जाते.

महाराष्ट्राच्या अंतर्भागातील शक्यता

वसईतील मराठी भाषक कॅथलिक समाज, जो द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मराठीत उपासना करू लागला, आणि अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्या हे बहुस्वरी गायनाचे नैसर्गिक आधार आहेत. विदर्भात 1845 पासून स्टीफन हिस्लॉप यांच्या मिशनने शिक्षणाचा पाया घातला आणि 1883 मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. तेथील चर्च आणि महाविद्यालये सरावाची केंद्रे होऊ शकतात.

परंतु विदर्भाचा अधिक खोल आधार समूहगायनाच्या लोकव्यवहारात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन गावोगाव पोचवले, आणि त्यामुळे सर्व जातिधर्मांच्या माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून एका शिस्तीने गाण्याची सवय या प्रदेशात रुजली. सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे, हातमागाच्या विणकामासाठी पूर्वापार ओळखले जाणारे खाप्यासारखे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. अशा गावात हार्प्सिकॉर्ड किंवा प्रशस्त सभागृह अपेक्षित धरता येत नाही. एका चालीत सुरात गाणारी माणसे आणि शाळकरी मुले मात्र असतात, आणि एका चालीतून दोन चालींकडे, दोनांतून चारांकडे जाण्याचे शिक्षण त्यांच्यापासून सुरू करता येते. खापा, सावनेर, रामटेक यांसारख्या गावांतील शाळांत वर्षभर असे वर्ग चालले, नागपुरात त्यांतून एक स्थिर वृंद घडला आणि मग परदेशी गायक त्यात येऊन मिसळले, तर ‘जेफ्ते’सारखी अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपणारी, थोड्या वाद्यांवर भागणारी कृती हा पहिला योग्य टप्पा ठरेल. दोन वृंद आणि दोन वाद्यवृंद मागणारी ‘मॅथ्यू पॅशन’ त्यानंतरची पायरी होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ठामपणे मांडता येतात. पहिली, बरोक वृंदसंगीत हा या किनाऱ्याचा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा जिवंत व्यवहार होता, आणि तो लोपला तो गायकांच्या अक्षमतेमुळे नव्हे, शाळा व आश्रय यांची साखळी तुटल्यामुळे. दुसरी, मराठी आख्यानपरंपरा श्रोत्याला आणि भारतीय स्वरज्ञान गायकाला या प्रकाराकडे जाण्याची वाट देते, म्हणून सहकार्य दोन्ही बाजूंनी देवाणघेवाणीचे होऊ शकते. तिसरी, आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे यश टाळ्यांवरून न ठरवता पुढील वर्षी त्याच गावात किती जण स्वरलिपी वाचून आपला आवाज स्वतंत्रपणे सांभाळू शकतात यावरून ठरवले पाहिजे. पॅरिश शाळेतील सामान्य शिक्षकाने गोव्यात शतकानुशतके जे साध्य केले, ते आज साध्य करण्यासाठी पाहुण्या संचालकाइतकाच गावात राहणारा, नियमित वेतन मिळणारा संगीतशिक्षक आवश्यक आहे. विद्यापीठे, चर्च, शाळा आणि नगरपरिषदा यांनी त्या शिक्षकाची तरतूद प्रथम करावी आणि प्रयोगाची तारीख नंतर ठरवावी.